राखून ठेवलेला अंधार

"अहो, आधी तो उजेड बंद करा!"

गच्चीच्या दारातून मोबाइलचा झोत थेट टेलरबाईंच्या तोंडावर आला होता. बाई चटईवर उताण्या पडल्या होत्या. अंगावर चादर आणि उजव्या डोळ्यावर काळ्या अस्तराची, इलॅस्टिक लावून शिवलेली पट्टी. उजाडायला थोडाच अवकाश होता.

"डोळ्याला काय झालं?" झोतामागून मास्तर बोलले. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. मास्तर शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलमधले.

"काही झालेलं नाही. उल्का बघतेय."

"एका डोळ्याने?"

"बंद करा म्हणतेय ना!"

झोत विझला, पण बाईंच्या डाव्या डोळ्यापुढे हिरवे-पिवळे डाग नाचू लागले. आज पहाटे उल्कांचा वर्षाव, असं पेपरात आलं होतं. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, असंही होतं. तो अर्धा तास बाईंनी डास मारत काढला होता आणि मास्तरांनी एका क्षणात पाण्यात घालवला.

बाईंनी जन्मात एकही उल्का पाहिली नव्हती. मास्तर बोट दाखवून "ती बघ!" म्हणत, आणि बोटामागे मान वळेपर्यंत तिथे काही नसे. लग्न झाल्यापासून हेच. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाई गाडी शिकायला बसल्या तेव्हा तो इतका दाबला गेला की गाडी गल्लीबाहेर पडलीच नाही. शिकायचं राहिलं ते राहिलंच.

"अगं, सरळ वर बघून काय दिसणार? उत्तरेला बघ," मास्तर म्हणाले. सूर्य वर आल्याशिवाय उत्तर कुठली हे त्यांना आजवर कधी सांगता आलं नव्हतं. "ती बघ! ती बघ!"

सवय वाईट. मान वळलीच. एक विमान लुकलुकत चाललं होतं. बाईंना विमानापेक्षा स्वतःच्या मानेचा संताप आला.

"चल आता खाली. बाईमाणूस गच्चीत असं आडवं पडलंय, लोक काय म्हणतील? आणि सकाळची बॅच आहे माझी, चहा..."

"चहाचा डबा गॅसशेजारी आहे. साखर त्याच्यामागे."

गोंधळून मागे सरताना पायात काहीतरी आलं म्हणून मास्तरांनी पुन्हा उजेड लावला, आणि चूक लक्षात येताच घाईघाईने विझवला. डाग परत नाचू लागले. पूर्वेकडे फिकट व्हायला लागलं होतं. आता आणखी अर्धा तास मिळणार नव्हता.

बाईंनी उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली आणि डाव्यावर चढवली.

"आता हे काय नवीन?"

"तुम्ही वर येणार हे मला ठाऊक होतं. आणि उजेड घेऊनच येणार. म्हणून एक डोळा बाजूला काढून ठेवला होता."

उजव्या डोळ्याला आकाश ताऱ्यांनी गच्च भरलेलं दिसत होतं.

"ती बघ, तिकडे..." मास्तरांचं बोट वर गेलं.

या वेळी मान हलली नाही. बाई बघत होत्या तिथेच बघत राहिल्या. बरोबर डोक्यावर एक पांढरी रेघ सर्रकन ओढली गेली, कापडावर खडूने ओढावी तशी, आणि लगेच पुसली गेली.

"अगंबाई!" बाई म्हणाल्या. आनंद पोटात मावेना.

"कुठे? कुठे?" मास्तर स्वतःभोवतीच गिरक्या घेत होते. "दाखव ना!"

"ती दाखवता येत नाही. आडवं पडून ज्याची त्याने बघायची."

मास्तर घुटमळले. मग खाली वाकून त्यांनी चटईची कड चाचपली. "जरा सरक."

"ही माझी आहे. तुमची खालून घेऊन या."

जिन्याच्या दाराशी मास्तरांचा हात सवयीने मोबाइलकडे गेला. हात रिकामाच परत आला, भिंतीला टेकला, आणि मास्तर एकेक पायरी चाचपत अंधारातच उतरू लागले.