खालच्या पट्ट्या

“पपा, डावा हात मांडीवर काय करतोय?” झेलियाने रिकाम्या सभागृहातून विचारलं.

मंचावर पियानोशी बसलेल्या पपांनी मांडीकडे पाहिलं. हात तिथेच होता.

“पियानोच्या खालच्या पट्ट्यांना तू हातच लावत नाहीस. सगळं अर्धं ऐकू येतंय.”

“ती एवारिस्टची जागा.”

“एवारिस्ट अंकल गेले, पपा.”

“ठाऊक आहे. खांदा मीच दिला.”

(चार मात्रा. कोणी काही वाजवत नाही.)

मुंबईची हॉटेलं, परदेशातले महोत्सव, रेकॉर्डिंग; जॅझ कुठेही असो, पपांच्या उजव्या खांद्यामागे एवारिस्ट बास हे माणसाएवढं तंतुवाद्य घेऊन उभा असायचा. खालचे सूर त्याचे, त्यांत पपांनी बोट घालायचं नाही, हा दोघांचा रिवाज. पोस्टरवर मात्र फक्त पपांचं नाव.

त्या दिवशी दफनाहून आल्यावर पपांनी भात खाल्ला. बूट पुसले.

“दुसरा बासवाला आणू?”

“नको.”

“मग संध्याकाळच्या कार्यक्रमात एकट्याने वाजव. जमत नसेल तर आत्ताच सांग, रद्द करते. पण मग घरातला पियानोही विकू. नुसती धूळ पुसायला मी बसलेली नाही.”

पपांनी उजव्या हाताने डावा उचलला, दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवावी तसा खालच्या पट्टीवर ठेवला आणि दाबला.

सूर निघाला. जाड, स्वच्छ.

“आला की!” झेलिया ओरडली.

पपांनी मान वळवून उजव्या खांद्यामागे पाहिलं. सूर समोरून आला होता.