दोन बटणांची तिजोरी

"मामा, नाही! ते बटण नाही, दुसरं!"

दिशानं डोक्याला हात लावला. दिनानाथमामांनी त्या पेन ड्राइव्हएवढ्या यंत्रावरचा अंगठा चटका बसल्यासारखा उचलला. यंत्राला बटणं मोजून दोन. दोन बटणांच्या वस्तूवर माणूस इतक्या वेळा चुकू शकतो, हे दिशाला आज रोह्यात येऊन कळलं.

"त्यानं इचारलं, नवीन पाकीट करायचं का जुनं आणायचं. आपलं नवीनच हाय ना गो?"

"आपल्याकडे कार्डावरचे शब्द आहेत ना? मग 'जुनं आणायचं' हेच घ्यायचं. किती वेळा सांगू?"

मामांचं आयुष्य धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टा करण्यात गेलं. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतले बरेचसे त्यांनी एका मित्राच्या नादानं बिटकॉइनमध्ये घातले, आणि नशिबानं ते वाढलेही. मामीच्या हृदयाची झडप बदलायची होती, ती त्यातूनच. पण गेल्या महिन्यात त्याच मित्राचं ॲप कुणीतरी फोडलं, त्याचं होतं नव्हतं ते गेलं आणि मामांची झोप उडाली. त्यांनी पेणला फोन लावला. पेणला भाचीचं मोबाइलचं दुकान. घराण्यात या गोष्टी कळणारी ती एकटीच. हे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनचं पाकीट, तिनंच मागवून आणलं होतं. आता बिटकॉइन ॲपवाल्याच्या हातात राहणार नाहीत, त्यांची किल्ली या यंत्रात, म्हणजे आपल्या घरात राहणार, एवढं मामांना पटलं. पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

पिन ठरवतानाच अर्धी सकाळ गेली. मामांना जन्मसाल ठेवायचं होतं. मग लग्नाचं साल. मग गाडीचा नंबर.

"चोराला हेच आधी सुचतं, मामा!"

"पन मला दुसरं ध्यानात कसं ऱ्हायचं?"

खोक्यात एक कार्डही होतं, पूर्वीच्या रिचार्ज कूपनासारखं. चंदेरी थर खरवडला की खाली चोवीस इंग्रजी शब्द. मामांनी तो दाराच्या किल्लीनं खरवडला, चष्मा सरसावला आणि पहिला शब्द मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं.

"थांबा!" दिशा एवढ्या जोरानं ओरडली की मामी हातातला डाव घेऊनच बाहेर आली. "मोठ्यानं नाही वाचायचं! यंत्र हरवलं तर दुसरं घेऊन त्यात हेच शब्द टाकले की पैसे परत मिळतात. हे शब्द दुसऱ्याला मिळाले तर सगळं गेलं. फोटो काढायचा नाही, मोबाइलवर लिहायचे नाहीत, कुणाला दाखवायचे नाहीत. मलासुद्धा नाही."

"तुला पन नाय? तू तर घरची."

"घरचं काय नि बाहेरचं काय!"

ती भिंतीकडे तोंड करून बसली. मागे मामा एकेक अक्षर हुडकत शब्द भरू लागले. चुकत होते, मागे जात होते, पुटपुटत होते. समोर टांगलेल्या कॅलेंडरवरचे सगळे सण दिशाला पाठ झाले, तरी मामा अजून पाचव्याच शब्दावर. तिला वाटलं, यंत्र हिसकावून घ्यावं आणि आपणच भरून टाकावं. पण ती हलली नाही.

"राग करू नको गो," मामी चहा देत म्हणाली. "त्यांना येळ लागतो."

तो लागलाच. शेवटी यंत्रानं सगळं जमल्याचं सांगितलं. दिशानं आधी अगदी थोडे बिटकॉइन ॲपवरून पाकिटात पाठवायला लावले. पाकिटाच्या पत्त्याची अक्षरं यंत्रावर आणि मोबाइलवर जुळतात का ते बघा, म्हणाली. मामांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक अक्षर बोट ठेवून जुळवलं, आणि शंका आली म्हणून पुन्हा जुळवलं. तिनं घड्याळाकडे बघून दात-ओठ खाल्ले. थोडे पोचले. मग बाकीचे सगळे पाठवले. तेही पोचले.

मामांनी पंच्यानं तोंड पुसलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुझ्या मामीचं आपरेशन आता व्हईल गो. ह्ये कार्ड मी कुठं ठेवतो सांगू..."

"मामा!" दिशानं दोन्ही कान झाकले. "आत्ताच काय सांगितलं मी?"

मामीनं तिच्या पिशवीत वालाच्या शेंगा कोंबल्या. मामा यंत्र हातरुमालात गुंडाळून खिशात घालून तिला स्टेशनपर्यंत सोडायला आले.

निडीला गाडी थांबली. डब्यात माणसं मोजकीच होती. दिशानं मोबाइलवर तसंच एक पाकीट उघडलं, 'जुनं आणायचं' हे निवडलं आणि चोवीस शब्द एकामागून एक टाकले. कुठं बघावं लागलं नाही. ते कार्ड तिनंच दुकानात छापलं होतं आणि वर चंदेरी थर चिकटवून खोक्यात ठेवलं होतं. मामांचे बिटकॉइन समोर आले. तिनं ते सगळे आपल्या एका पत्त्यावर पाठवून दिले.

नागोठणं यायच्या आत फोन वाजला.

"दिशा, अगो, मोबाइलवर पाकिटात शून्य दाखवतंय." मामा म्हणाले. "मी तर कायच दाबलं नाय. माझं काय चुकलं गो?"

दिशानं मोठा सुस्कारा सोडला.

"मामा, किती वेळा बजावलं होतं तुम्हाला! आता खरं सांगा, ते शब्द कुणाला दाखवलेत?"