उलटी कॉपी

गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून सक्करदऱ्याच्या रुपरावांनी त्याआधीचे पंधरा दिवस कॉम्प्युटरसमोर बसून येणाऱ्या नातवंडासाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या.

ऑपरेशनला दोन महिने झाले आणि कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक वाजू लागली. ती बंद पडायच्या आत सगळं वाचवावं म्हणून त्यांच्या मुलीनं, मिनलनं, नवी डिस्क आणून स्वतःच क्लोनिंगला, म्हणजे जुनीची हुबेहूब कॉपी करायला लावली. तीन तासांनी काम पूर्ण झालं, पण उघडून पाहिलं तर दोन्ही डिस्क कोऱ्या.

घाबरून तिनं दुकानात फोन केला.

"ताई, उलटं झालं ना," दुकानदार म्हणाला. "तुम्ही कोरी डिस्कच जुन्या डिस्कवर उतरवली. आता त्यातून काहीच निघत नाही."

मिनल पोट सांभाळत बाबांच्या पायाशी बसली. "बाबा, तुमचा आवाज माह्या हातून पुसल्या गेला," एवढंच बोलून ती हमसून रडू लागली.

रुपरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पाटी ओढून घाईघाईनं लिहिलं,

 

"रडू नको वं पोरी. मी पुन्हा सांगतो ना."