डिस्क दिसेना

"एकही डिस्क नाही म्हणतोय," वायरवाला स्वतःशीच पुटपुटला आणि त्यानं तेच बटण पुन्हा दाबलं. पडद्यावरची चौकट कोरीच राहिली.

इस्पितळात सगळे त्याला वायरवालाच म्हणत. कॉम्प्युटर असो, प्रिंटर असो, जिथं वायर तिथं तो. पण आजचं दुखणं साधं नव्हतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या कक्षातला मुख्य कॉम्प्युटर सकाळी कायमचा बसला होता. काचेपलीकडच्या उबदार पेट्यांमधल्या सगळ्या बाळांचे श्वास आणि ठोके त्या एकाच पडद्यावर दिसत. तो बंद, म्हणजे प्रत्येक पेटीशी एक माणूस उभा हवा. आणि सिस्टर होत्या दोनच.

डॉक्टर बजावून गेले होते. पडदा सुरू होईपर्यंत एकही पेटी उघडायची नाही. आणि दुपारपर्यंत झाला नाही, तर तिसऱ्या पेटीतल्या बाळाला मोठ्या इस्पितळात हलवायचं. ते सगळ्यांत लहान होतं. रस्त्यातले धक्के त्याला सोसतील का, यावर डॉक्टर काही बोलले नव्हते.

वायरवाल्यानं गोदामातून नवं कोरं मशीन आणलं, जुन्यातली डिस्क त्यात जोडली आणि पेनड्राइव्हवरून सिस्टिम टाकायला घेतली. सिस्टिम विचारत होती, कुठल्या डिस्कवर टाकू? आणि निवडायला समोर एकही डिस्क नव्हती. जुनी नाही, नवीही नाही.

मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. हिरवा गाऊन, टोपी, मास्क. या कक्षात डॉक्टर असो की झाडूवाली, वेष एकच. दिसायचे ते फक्त डोळे. हिनं तर गाऊनही उलटा चढवला होता, बंद पुढच्या बाजूला. डिस्क दिसत नाही असं त्यानं कळवल्यावर, मशीन पुरवणारी कंपनी इंजिनिअर पाठवतेय, असा निरोप सकाळीच आला होता. बाहेरच्यांना कुठला हा गाऊन घालता येतोय, वायरवाल्याच्या मनात आलं. पण बुडत्यानं काडीचे बंद तपासू नयेत.

"आलात? बरं झालं. दोन्ही डिस्क गेल्यात बहुतेक."

ती जरा घुटमळली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग काचेकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"दोन्ही एकदम कशा जातील?" ती हळूच म्हणाली. "स्टोरेजचा ड्रायव्हर दिलात का त्याला?"

नव्हता दिला. आजवर कधी लागलाच नव्हता, असं त्यानं सांगितलं. तिनं समजावलं की मशीन नवं आहे आणि पेनड्राइव्हवरची सिस्टिम जुनी.

"पाहुणा दाराशीच उभा आहे. आतल्याला ओळख पटत नाही, म्हणून तो कडी काढत नाही. ड्रायव्हरनं ओळख करून दिली की झालं."

वायरवाला ऑफिसात धावला. मशीन बनवणाऱ्यांच्या साइटवरून ड्रायव्हरची फाइल उतरवून, दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकून धापा टाकत परत आला. एव्हाना मोठ्या सिस्टरांनी तिला खुर्ची दिली होती आणि वर, जास्त उभ्या राहू नका ताई, असा दमही भरला होता.

"इतकी वर्षं इथं काम करतोय," वायरवाला म्हणाला, "मला कधी खुर्ची विचारली नाहीत."

"तुमचं काय दुखतंय?" सिस्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानं 'ड्रायव्हर लोड करा' वर टिचकी मारली, पेनड्राइव्ह उघडला. आत काहीच दिसेना.

"गाठोडं सोडलंत का?" तिनं विचारलं. "आवळून बांधलेली फाइल त्याला वाचता येत नाही."

पुन्हा ऑफिस, पुन्हा धाव. फाइल सोडवून तो परतला, तेव्हा ती खुर्चीत पुढं झुकून काचेकडे पाहत होती. दोन्ही हात मांडीवर घट्ट गुंफलेले. कंपनीची माणसं आपल्या मशीनसाठी इतका जीव टाकतात, हे त्यानं प्रथमच पाहिलं.

"किती वर्षं आहात या कामात?" ड्रायव्हर चढता चढता त्यानं विचारलं.

"बरीच झाली. सध्या सुट्टीवर आहे."

त्याला वाईट वाटलं. सुट्टीवरच्या बाईलाही कंपनीनं पिटाळलं म्हणायचं.

चौकटीत एक ओळ उमटली. मग दुसरी. दोन्ही डिस्क, धडधाकट. त्याचा जीव भांड्यात पडला आणि हात घाईनं माउसकडे गेला.

तिनं त्याचं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती.

"आधी जुनी काढून ठेवा. बाळांच्या सगळ्या नोंदी तिच्यात आहेत. घाईत तीच निवडलीत तर सगळं पुसलं जाईल."

त्यानं मशीन बंद केलं, जुनी डिस्क सोडवून रुमालात गुंडाळली आणि मग पुढची कामं एकेक करून उरकली. ओळख पुन्हा करून दिली, नव्या डिस्कवर सिस्टिम चढली, तिच्यावर पेट्यांचा प्रोग्रॅम. दुपार कलायच्या आत पडद्यावर हिरव्या रेघा धावू लागल्या. तिसऱ्या चौकोनातली रेघ सगळ्यांत बुटकी होती, पण न अडखळता चालली होती. डॉक्टर आले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, कुणालाही हलवायचं नाही.

वायरवाल्याचा फोन वाजला.

"कंपनीतून बोलतोय, साहेब," पलीकडे एक पुरुषी आवाज होता. "गाडी वाटेत बंद पडली होती. अर्ध्या तासात पोहोचतोच. डिस्क दिसली का?"

वायरवाल्यानं वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. काचेपलीकडे मोठ्या सिस्टरांनी तिसरी पेटी उघडली, आतलं मूठभर बाळ अलगद उचललं आणि समोर गाऊनचे पुढचे बंद सोडून बसलेल्या तिच्या उघड्या छातीवर ठेवलं.