एका बाइटची जागा

"ही मांडणी तू हातानं केलीस?" मॅडमनी विचारलं.

"हो. का?"

"कुठला आकडा मेमरीत कुठं ठेवायचा, ते ही भाषा स्वतः बघते ना? आपण कशाला नाक खुपसायचं?"

"तिच्या भरवशावर यादी लागायला चाळीस सेकंद लागायचे. माझ्या मांडणीनं दोन!" तो खुर्चीत रेलला.

किडनीची वाट पाहणाऱ्या रुग्णांची यादी लावणारा प्रोग्राम त्याचा होता. मॅडम तो तपासायच्या. टीममध्ये त्यांना सगळे मागून 'अर्धी मॅडम' म्हणत. दोन वर्षं त्या एक दिवसाआड दुपारीच पळायच्या. महिनाभरापासून मात्र पूर्ण दिवस बसू लागल्या होत्या. लोकांच्या चुका उकरायला आता वेळच वेळ होता म्हणा.

"थांबलेले दिवस दोन बाइटचे. मेमरीतली आठवी आणि नववी जागा," मॅडम म्हणाल्या. "आणि निकड कुठं ठेवलीस?"

त्यानं पाहिलं. नवव्या जागेवरच.

एका खाटेवर दोघांना निजवलं होतं त्यानं. निकडीचा आकडा मागून यायचा आणि दिवसांचा आकडा बिघडवायचा. सत्तर दिवस थांबलेला माणूस यादीत आठशे अडतीस दिवसांचा होऊन बसायचा.

"भाषेनं अडवलं कसं नाही?"

"तूच तिला गप्प बसवलंस की! मला कळतं म्हणालास."

या यादीवरून आजवर एकच किडनी दिली गेली होती. त्याच्या बहिणीला. सत्तर दिवसांत! घरात सगळ्यांनी देवाचे आभार मानले होते.

"मॅडम, ती कालच स्वतःच्या पायांनी जिना चढली हो," तो कसाबसा म्हणाला. "दुसऱ्याचं हिसकावून जगतेय असं कळलं, तर अन्नाला शिवायची नाही ती."

"चूक कळवावी लागेल. तू दुरुस्त कर. तेव्हाची यादी मी पुन्हा लावून बघते. कुणाचा नंबर गेला ते कळायला हवं."

"कशाला?" तो उसळला. "तुम्हाला काय कळणार, घरचं माणूस यादीत असलं की काय होतं ते!"

त्यानं दुरुस्ती केली, तशा मॅडम आपल्या जागेवर जाऊन बसल्या. पंधरा मिनिटांनी उठून आल्या.

"तरीही पहिला नंबर तुझ्या बहिणीचाच येतो. तसंच लिहिते मी."

त्याला रडूच फुटलं. "मॅडम, तुम्ही देवासारख्या..."

"पुरे. जिना जरा सावकाश चढायला सांग तिला." पर्स उचलून त्या निघून गेल्या.

एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं, असं त्याला वाटलं. मेली ती सवय! त्यानं तेव्हाची यादी पुन्हा लावली.

बहीण सतराव्या नंबरवर होती.

पहिल्या नंबरवर दुसराच कुणी पुरुष. थांबलेले दिवस सातशे. डायलिसिस एक दिवसाआड, दुपारी. शेरा : मागच्या महिन्यात मयत. नातेवाईक : पत्नी. खाली मोबाइल नंबर.

माफी मागायची होती की पाय धरायचे होते, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. तो एकेक आकडा दाबत गेला. सातव्या आकड्याला मोबाइलनं आपणहून नाव दाखवलं : अर्धी मॅडम.