नाही लिही

“हो लिहून टाक,” खोंग मॅनेजर म्हणाला. “ही बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत बर्फातच असते.”

लानयिंग गुडघ्यांवर बसून एका गिऱ्हाइकाच्या पायात स्कीचा बूट चढवत होती. तिने मान वर केली नाही. “नाही लिही,” ती म्हणाली.

फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीचं पेन थांबलं. श्याओताओ तिचं नाव. कॉलेजात शिकत होती, सुट्टीत पाहणीच्या कामावर आली होती. प्रश्न साधाच होता : गेल्या वर्षभरात तुम्ही बर्फावरच्या एखाद्या खेळात एकदा तरी भाग घेतला का? गावातल्या पुरेशा लोकांनी ‘हो’ म्हटलं की वेशीवर सरकारकडून मानाची पाटी लागणार होती. त्यामुळे सगळे ‘हो’च म्हणत होते. फरशी पुसणारी फंगछिन तर म्हणाली होती, “फाटकापाशी दोनदा सपाटून आपटलेय. तो खेळच की!”

लानयिंग त्रेपन्न वर्षांची होती. अकरा हिवाळे ती या स्की रिसॉर्टच्या बूटखोलीत होती. बीजिंगहून सकाळची गाडी आली की बाकांवर रांग लागायची. ती एकेकापुढे गुडघे टेकून बूट चढवी, कड्या आवळी. घाबरलेल्यांना सांगे, टाच मागे ठोका, नडगी पुढे टेकवा, गुडघे सैल सोडा. आणि पायाकडे बघू नका, लांब बघा. शिक्षकांच्या तोंडून ऐकून ऐकून तिला हे पाठ झालं होतं. एकदा एका छोट्या मुलीने तिला विचारलं, आजी, तुम्ही कुठल्या उतारावर जाता? लानयिंगने तिच्या मोज्याची सुरकुती नीट केली आणि पुढच्या माणसाकडे सरकली.

मोसम संपताना एक दुपार कामगारांसाठी मोकळी असे. स्वयंपाकी, पहारेकरी, लोकांना उतारावर नेणाऱ्या पाळण्यावरची पोरं, सगळे स्कीवर चढत, पडत, हसत. पण त्यांनाही बूट लागत. म्हणून त्या दुपारी बूटखोली उघडी ठेवावी लागे, आणि बूटखोलीत लानयिंग असे. तिकीट काढून जायचं तर त्याची किंमत आपल्यासारख्यांनी विचारायचीही नसते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

खोलीला एक खिडकी होती. तिच्यातून शिकाऊ लोकांचा उतार दिसे. पूर्वी तिथे तिच्या सासऱ्यांचं ओटचं शेत होतं. ती काचेला नाक लावून उभी राहिली की फंगछिनला वाटे, बाईचा जीव अजून शेतात अडकलाय. पण लानयिंग माणसं बघत असे. सकाळपासून पडणारं एखादं माणूस दुपारी अचानक उभं राही. हात पसरलेले, तोंड उघडं, आणि ते पडतच नसे. खालपर्यंत तसंच जाई. असं कुणी दिसलं की ती श्वास रोखून धरी. ते थांबलं की सोडी, आणि काच धुरकट होई. ती बाहीने पुसून पुन्हा बघे.

गिऱ्हाईक गेल्यावर खोंगने तिला बाजूला घेतलं. तो शेजारच्याच गावचा, तिच्या धाकट्या दिराच्या वर्गातला. आधी त्याने समजावून सांगितलं. पाटी लागली की रस्ता होईल, बस येईल, सगळ्या गावाचंच भलं होईल. मग त्याने विचारलं, रिसॉर्टसाठी जमीन गेल्याचा राग अजून आहे का? ती नाही म्हणाली. पगाराचं काही आहे का? तेही नाही. तेव्हा तो चिडला.

“ताई, वरचे लोक मला विचारतील. त्यांच्याच अंगणात राहून नाही म्हणणारी ही कोण? काय सांगू मी?”

“खरं ते सांग.”

खोंग म्हणाला की उद्यापासून तिने तळघरात टॉवेल धुवायच्या खोलीत जावं. इथे दुसरी कुणी बघू. ती खिडकीकडे बघत होती हे त्याला दिसलं असावं, कारण जरा नरमाईने तो म्हणाला, अजून वेळ आहे, विचार कर. तळघराला खिडकी नव्हती.

ती परत आली आणि ओले बूट गरम हवेच्या नळ्यांवर उलटे लावू लागली. बाहेर उन्हं उतरली होती. श्याओताओ बाकावर बसून फॉर्म लावत होती. एकच पान तिने वेगळं ठेवलं होतं.

लानयिंगने शेवटचा बूट लावला. कोपऱ्यातली गुडघ्याखालची उशी उचलून झटकली, थर्मास घेतला, आणि दोन्ही पिशवीत घालू लागली. ते बघून मुलगी गडबडली. उठून जवळ आली. म्हणाली, मी इतक्या लोकांना विचारलं, सगळ्यांनी मला हवं ते सांगितलं. कुणी एवढा विचारही केला नाही.

“मावशी, एक खूण तर करायचीय,” ती हळूच म्हणाली. “हो म्हटलंत तर तुमचं काय जाणार आहे?”

लानयिंग खिडकीपाशी गेली. उतारावर निळ्या जाकिटातली एक बाई उरली होती. वय झालेली, बहुधा तिच्याच वयाची. ती पडली, उठली, पुन्हा पडली, पुन्हा उठली. मग वाकलेले गुडघे सावरत घसरू लागली आणि पडलीच नाही. ती खाली पोहोचली तेव्हा लानयिंगने रोखलेला श्वास सोडला.

“आज हो म्हटलं,” ती म्हणाली, “तर मी जाईन तेव्हा ती माझी पहिली वेळ कशी असेल?”