तुरुंगाची नोंदवही

खापरपणजी केझियाचं नाव एकदा तरी कागदावर दिसावं म्हणून आमच्या ओपलमावशीने अकरा वर्षं साउथ कॅरोलिनातले दप्तरखाने पालथे घातले. आज एका जुन्या वर्तमानपत्रात केझियाच्या मालकाची जाहिरात मिळाली: 'माझी गुलाम केझिया पळाली आहे. खांद्यावर डागल्याची खूण. तिची मुलगी ज्या मळ्यावर विकली, तिकडे गेली असावी.'

"पळाली गं माझी बाय!" मावशी हसता हसता रडायला लागली.

दप्तरखान्यातला कारकूनही खूश झाला. "मिस ओपल, पळालेल्यांना पकडून तुरुंगात टाकायचे ना, तिथली त्याच वर्षाची नोंदवही आहे. थांबा, आणतो. त्यात नक्की सापडेल."

मावशीने त्याची बाही गच्च धरली.


"नको रे बाबा, पाया पडते तुझ्या. आता ती कुणालाही सापडायला नको."